कोलूच्या बाहुल्या आणि ताशी वीस

अनिरुद्धरावांचं म्हणणं असं, की वेग माणूस ठरवत नाही, रस्ता ठरवतो. माणसानं फक्त ऐकायचं. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीचं म्हणणं ताशी बारा, कारण दारोदारी कोलमची रांगोळी असते आणि तिच्यावरून चाक गेलं की त्या घरची बाई संध्याकाळपर्यंत बोलते. तिरुवैयारूचा रस्ता तीस, कारण एका नदीचा पूल उतरून गाडी सावरते न सावरते तोच दुसरी नदी येते. बायपास पंचेचाळीस. पन्नासच्या वर जावं असा रस्ता तंजावुरात नाही, आणि जगात दुसरीकडे असला तर तो त्या लोकांनी चुकीचा बांधला आहे.

हे ज्ञान त्यांना फुकट मिळालेलं नव्हतं. उभी नोकरी सरकारी रस्ते खात्यात नकाशांवर रेघा मारण्यात गेली. त्यांनी रेघ मारलेल्या एका वळणावर पुढे लॉरी उलटली, तेव्हा ते स्वतः जाऊन पाहून आले आणि म्हणाले, वळण बरोबर आहे, लॉरी चुकली. निवृत्त झाल्यावर नकाशे गेले, पण नोकरीच्या सुरुवातीला घेतलेली जडशीळ मोटारसायकल राहिली. तिच्या मागच्या सीटवर त्यांची बायको वेंकूबाई एका बाजूला पाय सोडून बसायची आणि रस्त्याचं म्हणणं ऐकायची. तिचं म्हणणं काय आहे, हे रस्त्यानं किंवा नवऱ्यानं कधी विचारलेलं मला आठवत नाही.

यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते बाहुल्यांपायी.

वेंकूबाईची आई ओरत्तनाडूला मुलाकडे असायची. पोंगलनंतर ती गेली. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात वर्षभर सण नाही, म्हणजे यंदा नवरात्रात तिथे कोलू नाही. कोलू म्हणजे पायऱ्यापायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या. आमच्याकडचा मराठी माणूस घट बसवतो की नाही ते विचारू नका, कोलू मांडतोच. तर वहिनीचा, म्हणजे सरस्वतीचा, वेंकूबाईला फोन आला. माळा रिकामा करायचा आहे, म्हणाली. आईंच्या बाहुल्या नेणार असाल तर न्या, नाहीतर देवळात देऊन टाकते.

वेंकूबाईनं फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "आईच्या बाहुल्या आणायच्या. यंदा इथें मांडीन."

आई गेल्यापासून तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट. लग्न झालेल्या मुलीला आईचं सुतक तीन दिवस. शास्त्रानं तिला रडायची मुदतसुद्धा कमीच दिली आहे. चौथ्या दिवशी ती तंजावूरला परतली, डोक्यावरून न्हाली आणि सांबाराला फोडणी घातली. तेव्हापासून तिनं या विषयावर अवाक्षर काढलं नव्हतं. त्यामुळे बाहुल्या धड येणं किती महत्त्वाचं आहे, हे अनिरुद्धरावांना पक्कं कळलं होतं. इतकं कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

शेजारचे सुब्रमण्यम बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या दारात पांढरी कार असते आणि ओठावर सल्ला. ते कुंपणावरून तमिळमध्ये म्हणाले, "राव् सार्, माझी कार आहे की. मागच्या सीटवर गादी टाकू. जेवायच्या आत परत."

"तुम्ही ओरत्तनाडूच्या त्या पट्टुकोट्टै रोडवर सत्तरनं जाता," अनिरुद्धराव म्हणाले. "तो रस्ता सत्तरचा नाही."

खरं कारण वेगळं होतं. सासूच्या बाहुल्या शेजाऱ्याच्या गाडीतून आणायच्या, तर मग जावई कशाला आहे? हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण मान अशी ताठ केली की सुब्रमण्यमना समजलं.

वेंकूबाई हळूच म्हणाली, "ऐकिलंत कां? कारीतून आणूं या. मज भीति वाटते."

"मज गाडी येत नाहीं असं वाटतें कां तुज?"

ती आत गेली.

मग प्रयोग सुरू झाले. बाहुली किती वेगाला हादरते हे शोधायला त्यांनी मागच्या कॅरियरवर पाण्यानं काठोकाठ भरलेली घागर बांधली आणि गल्लीतून फेऱ्या मारू लागले. तीसला पाणी उडालं ते समोरच्या वरलक्ष्मी आजीच्या वाळत घातलेल्या सांडग्यांवर. पंचवीसला उडालं ते तिच्याच कोलमवर. वीसला उडालं नाही, पण तोपर्यंत वरलक्ष्मी आजी दारात येऊन उभी होती. तिनं पाण्याशिवायच सगळं काही सुनावलं. गल्लीत सल्ल्यांना ऊत आला. कुणी म्हणालं बाहुल्या पेंढ्यात ठेवा, कुणी म्हणालं चुरमुऱ्यात, कुणी म्हणालं टायरमधली हवा कमी करा. अनिरुद्धरावांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि जाहीर केलं, की ओरत्तनाडू ते तंजावूर, ताशी वीस.

ओरत्तनाडूला मेव्हण्यानं, रघुनाथनं, माळ्यावरून ट्रंक उतरवून ठेवलीच होती. बाहुल्या आईच्या जुन्या नऊवारी लुगड्यांच्या चिंध्यांत गुंडाळलेल्या. सरस्वतीनं कॉफी दिली आणि आता माळ्यावर गॅसचं रिकामं सिलिंडर ठेवता येईल, असं समाधानानं सांगितलं. रघुनाथ दोरी आवळताना एकदाच म्हणाला, "भाऊजी, सांभाळून." मग तो परसात गेला आणि अनिरुद्धराव निघेपर्यंत पुढे आला नाही.

ताशी वीस हा वेग ऐकायला सोपा वाटतो. जाऊन बघा. बस मागून अंगावर येते आणि हॉर्न असा मारते की माणसानं आपण जन्माला का आलो याचा विचार करावा. सायकली पुढे जातात. शाळेच्या मुली पुढे जातात आणि वळून हसतात. एक बैलगाडी बराच वेळ बरोबरीनं चालली. गाडीवान अनिरुद्धरावांना विचारत होता, की पेट्रोल संपलंय का, की बायको पळून गेलीय. मागे वाहनं तुंबली. त्यांतल्या एकानं मयताची मिरवणूक समजून डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात धरलं. अनिरुद्धरावांची नजर काट्यावर, काटा वीसवर, आणि जीव पाठीमागच्या ट्रंकेत.

वाटेत पोलीस चौकी होती. वाहनं अडवायला लोखंडी कठडे लावलेले. हेडकॉन्स्टेबल शिवराजनं हात केला.

"लायसन. आरसी. इन्शुरन्स." सगळं होतं. अनिरुद्धराव असे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून ठेवतात. शिवराजनं ते बघितले आणि समाधान न झाल्यासारखं विचारलं, "इतकं हळू का चाललाय?"

"रस्त्याचा वेग तेवढाच आहे."

"हे बघा सार्, आम्हाला बघून सगळेच हळू होतात. तुम्ही आम्हाला बघायच्या आधीपासून हळू. तिकडच्या वळणापासून बघतोय मी. ट्रंकेत काय आहे?"

"सासूच्या बाहुल्या."

आमच्या जिल्ह्यात देवळांतल्या मूर्ती चोरीला जातात. त्यामुळे जुन्या कापडात गुंडाळलेला देव दिसला, की पोलीस आधी नमस्कार करत नाहीत, आधी दरवाजा लावतात. शिवराजनं ट्रंकेचं झाकण उचललं, वरची चिंधी बाजूला केली, तर खालून एक रामचंद्र धनुष्य घेऊन बघत होते. त्यांच्या बाजूला लक्ष्मण. त्याखाली निळा कृष्ण, रंग उडालेला आणि फारच जुना दिसणारा.

"बिल आहे?" शिवराजनं विचारलं.

"सासूच्या बाहुल्यांचं बिल कुणाकडे असतं?"

"जुन्या आहेत?"

इथे साध्या माणसानं नाही म्हटलं असतं. अनिरुद्धराव सत्याला जागले. "शंभर वर्षांच्या वर," ते म्हणाले, आणि थोडा अभिमानसुद्धा आवाजात येऊ दिला.

झालं. मोटारसायकल, ट्रंक आणि जावई, तिघंही आतल्या खोलीत गेले. मोटारसायकल दारातच राहिली खरी, पण तिची किल्ली आत गेली. या मातीच्या आहेत, पंचधातूच्या नाहीत, असं अनिरुद्धरावांनी टिचकी मारून दाखवलं. शिवराज म्हणाला, मातीचं धातूपेक्षा जुनं असतं, शाळेत शिकवलंय. साहेबांना फोन लागेना. शेवटी ठरलं, की ज्यांच्या बाहुल्या आहेत त्यांनी येऊन ओळख पटवायची. म्हणजे वेंकूबाईला बोलवायचं. आणि ती येणार कशानं, हे अनिरुद्धरावांना फोन लावायच्या आधीच कळलं.

मधल्या वेळात जननी नावाची कॉन्स्टेबल पोर बाहुल्या एकेक करून सोडवू लागली. पंचनामा करायचा म्हणजे दिसायला हव्यात. आधी तिनं त्या टेबलावर ठेवल्या, मग तिला राहवेना. तिनं दोन बाकं आणली, त्यावर फायलींचे गठ्ठे चढवले, वर धुतलेला टॉवेल अंथरला आणि पायऱ्या केल्या. वर देव, मधे ऋषी आणि राजे, खाली संसारातली माणसं. पोट सुटलेला वाणी आणि त्याची बायको यांना कुठल्या पायरीवर बसवायचं यावरून तिचं आणि शिवराजचं वाजलं. शिवराज म्हणाला, आमच्या घरी खालच्या पायरीवर बसतात. जननी म्हणाली, तुमच्या घरी काय वाट्टेल ते असेल. ज्यांच्यावर चोरीचा संशय त्या अनिरुद्धरावांनाच शेवटी विचारण्यात आलं. ते कोपऱ्यातल्या स्टुलावर मान खाली घालून बसले होते. "तळाच्या," एवढंच म्हणाले.

पांढरी कार आली. सुब्रमण्यम सत्तरनं आले असणार. ते आत येताना काहीही बोलले नाहीत, आणि त्यांचं ते न बोलणं अनिरुद्धरावांना शिवराजच्या तपासापेक्षा जास्त लागलं.

वेंकूबाई दारातच थांबली. तिची आई गेल्यावर पहिल्यांदाच तिच्यासमोर तो कोलू उभा होता, पोलीस चौकीत, गुन्ह्यांच्या फायलींवर. मग ती पुढे आली आणि एकेक बोट ठेवत सांगू लागली. या रामाची करंगळी मी मोडली, लहान असताना. हा कृष्ण आजोबांनी कुंभकोणमहून आणला, येताना बैलगाडीत त्याचं मोरपीस गेलं. या वाण्याच्या बायकोचं नाक आई दर वर्षी काडीपेटीच्या काडीनं रंगवायची. ती ना थांबली ना अडखळली. शिवराजनं टोपी काढली होती. वेंकूबाईनं सगळं सांगून झाल्यावर तिसऱ्या पायरीवरची वीतभर उंचीची बाई उचलली. कमरेवर घागर घेतलेली, एक पाय पुढे टाकलेली, पाण्याला निघालेली.

"ही?" जननीनं विचारलं.

"ही माझ्या आईस तिच्या आईनं दिली. लहानपणीं मी हिलाच आई म्हणायची. आई रागवायची."

यापुढे ओळख पटवायला काही उरलं नव्हतं. शिवराजनं किल्ली परत दिली आणि दोनदा सॉरी म्हणाला. जननीनं बाहुल्या पुन्हा बांधायला हात लावला. त्या आता कारमधूनच जाणार होत्या. सुब्रमण्यमनी डिकी उघडली.

अनिरुद्धराव आपल्या गाडीपाशी उभे राहिले. पोलीस बघत होते, शेजारी बघत होता. निवृत्तीच्या दिवशी हार घालून रिकाम्या हातानं घरी आले होते, त्या दिवशीसुद्धा त्यांचा चेहरा इतका पडला नव्हता. वेंकूबाईनं ते पाहिलं. ती पाण्याला निघालेली बाई हातात घेऊन त्यांच्याकडे आली.

"ही तुम्हीं आणा," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "ही कारींत नको. हिला तुमच्याजवळ घ्या."

तिनं ती त्यांच्याच खांद्यावरच्या पंच्यात गुंडाळली आणि त्यांच्या सदऱ्याच्या आत, बनियनवर, नीट ठेवून वरची बटणं लावली. अशी बायको मिळायला भाग्य लागतं. अनिरुद्धरावांना ते तिथे उभ्या उभ्या कळलं.

आता या माणसानं काय करावं? चाळीसनं घरी यावं. पण नाही. छातीशी आई आहे म्हटल्यावर वीससुद्धा त्यांना जास्त वाटलं. ते पंधरावर आले. पुढे कुरुवै, म्हणजे वर्षातल्या पहिल्या पिकाच्या, भाताची कापणी झालेली होती आणि शेतकऱ्यांनी अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातलं होतं. दर वर्षी घालतात. डांबर तापतं, भात वाळतं, आणि गाड्या त्यावरून गेल्या की मळणीसुद्धा फुकट होते. अनिरुद्धराव दहावर आले. मग आठ. एवढी जड मोटारसायकल आठच्या वेगाला उभी राहते ती केवळ देवाच्या दयेनं. एक कोंबडी आडवी आली. त्यांनी पुढचा ब्रेक दाबला. पुढचं चाक भातावरून सरकलं आणि गाडी सावकाश, अगदी सावकाश, आडवी झाली. वाटेत विचार बदलायलासुद्धा वेळ होता. ते हात टेकू शकले असते. पण ब्रेक सोडून दोन्ही हात छातीवर गेले होते, बाईला धरून, आणि ते सगळ्या वजनानिशी त्या हातांवर पडले.

त्यांच्या कोपराला खरचटलं. बाकी त्यांना काही झालं नाही.

भात राखणारी बाई धावत आली. "बाकीच्यांसारखं पन्नासनं गेला असता तर निघून गेला असता, अय्या," ती तमिळमध्ये म्हणाली. कुणाला दोष द्यायचा तिचा हेतू नव्हता. सदऱ्याच्या आतून मातीचे तुकडे भातावर सांडले होते. ती आणि अनिरुद्धराव उकिडवे बसून ते वेचू लागले. तिनं सूप आणलं आणि तिथलं भात पाखडलं. घागर सापडली. पुढे टाकलेला पाय सापडला. चेहऱ्याची एक बाजू सापडली, दुसरी काही सापडली नाही. ती भाताबरोबर पोत्यात गेली असणार, आणि पुढे कुणाच्या तरी ताटात खडा म्हणून लागली असणार.

ते घरी आले तेव्हा वेंकूबाईनं पायऱ्या लावून पांढरं कापड अंथरलं होतं आणि बाहुल्या बसवल्या होत्या. तिसऱ्या पायरीवर मधोमध जागा मोकळी होती. तिनं त्यांचा कोपर पाहिला, मग सदरा पाहिला. त्यांनी पंचा पुढे केला. तो किणकिणला.

"लागलं कां तुम्हांस?" तिनं विचारलं.

"नाहीं."

तिनं पंचा घेतला, देवघराखालच्या फडताळात ठेवला आणि नैवेद्याच्या सुंडलासाठी, म्हणजे उसळीसाठी, चणे भिजत घालायला गेली. अनिरुद्धराव तिच्या मागे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. त्यांना वाटत होतं की ती काहीतरी बोलेल, ताट आपटेल, निदान नळ जोरात सोडेल. तिनं चणे निवडले. ते परत फिरले.

नवरात्रभर ती जागा मोकळीच राहिली. हळदकुंकवाला येणाऱ्या बायका विचारायच्या, तिथे काय मांडायचं राहिलं? वेंकूबाई सांगायची, "एक वाटेंत आहे." सुब्रमण्यम डिंकाच्या तीन तऱ्हा घेऊन आले आणि कुठल्यानं विमानाचे पंखसुद्धा चिकटतात ते सांगून गेले. एका संध्याकाळी पोलिसांची जीप गल्लीत आली, आणि अनिरुद्धरावांना शेवटी नेलं असं वरलक्ष्मी आजीनं दोन घरांना कळवूनही टाकलं. पण शिवराज आणि जननी कोलू बघायला आले होते. शिवराजनं भक्तिभावानं सुंडल खाल्लं, पायऱ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "ती घागरवाली कुठाय? राव् सार् स्वतः घेऊन गेले होते ना?" खोलीभर बायका होत्या. सगळ्या अनिरुद्धरावांकडे बघू लागल्या. ते उठून मागच्या अंगणात गेले आणि पाहुणे जाईपर्यंत मोटारसायकलची चेन पुसत बसले. चेन आधीच स्वच्छ होती.

दसरा झाला. बाहुल्या गुंडाळून ट्रंकेत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वेंकूबाई न्हाऊन, पंचा हातात घेऊन बाहेर आली.

"तिरुवैयारूस जाऊं या," ती म्हणाली. "हिला कावेरींत सोडूं."

सुब्रमण्यम कुंपणापाशीच होते. ते किल्ली काढू लागले. अनिरुद्धरावांनी मान खाली घातली. या वेळी त्यांनी नाही म्हटलं नसतं. म्हणायला तोंडच राहिलं नव्हतं.

"नको, अण्णा," वेंकूबाई म्हणाली. "आम्हीं गाडीवर जातों."

अनिरुद्धरावांना याचा अर्थ लागेना. शिक्षा असेल असं त्यांना वाटलं, आणि शिक्षा असेल तर ती त्यांना मान्य होती. ते गाडीवर बसले. ती मागे बसली, पंचा मांडीवर. गल्ली संपली, गाव संपलं, पहिला पूल गेला. काटा पंधरावर होता.

"इतकं हळू कां?" मागून आवाज आला.

"तुझ्या मांडीवर ती आहे."

दुसरा पूल गेला. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागल्या. रस्त्यावर कुणी नव्हतं.

"वेगानें चला," ती म्हणाली. "आतां फुटायला काहीं राहिलं नाहीं."

त्यांनी मूठ पिळली. तीस. चाळीस. त्यांना वाटलं ती म्हणेल पुरे. ती म्हणाली नाही. गाडी पन्नासच्या वर गेली, साठला आली. वारा कानांत भणभणू लागला, आणि त्या वाऱ्यात मागून एक आवाज आला. आधी त्यांना वाटलं इंजिनाचं काही बिघडलं. मग कळलं, की वेंकूबाई रडते आहे. हुंदके नव्हेत. ती तोंड उघडून, मोठ्यानं, आई गं करून रडत होती.

ओरत्तनाडूच्या घरात पाहुणे होते. तंजावूरच्या घरात कुंपणाला लागूनच शेजार आहे. आणि दुसऱ्याच्या कारमध्ये बाईमाणसाला असं रडता येत नाही. गाडी का हवी होती, ते अनिरुद्धरावांना आत्ता कळलं.

पुढे आणखी एक पूल दिसू लागला. या पुलावर वीसच्या वर जाऊ नये, असं ते सगळ्यांना सांगत आले होते. त्यांनी वेग कमी केला नाही.